भाताचं बियाणं: दाणा पिकतो कधी, वाळतो कसा, रुजतो कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राजापूर तालुक्यात भात करतो. गेली पंधरा वर्षं वाडीतल्या घरांसाठी बियाणं वेगळं काढून, वाळवून, सांभाळून देण्याचं काम माझ्याकडे आहे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आणि पुन्हा मे महिन्यात लोक तेच तेच प्रश्न विचारतात. सगळे प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात: वाळवणं म्हणजे नुसतं टिकवणं नाही. दाण्याला 'आता भरणं संपलं, यापुढे पाणी मिळालं तर रुजायचं' हे वाळण्यातूनच कळतं. ही गोष्ट नीट समजली, की बाकीची उत्तरं पटतात.

लोंबी पिवळी झाली म्हणजे बी तयार झालं का?

सगळं नाही. सप्टेंबरच्या शेवटी मळ्यातून एक लोंबी तोडून हातात घ्या. भाताची लोंबी वरून खाली फुलते आणि पूर्ण फुलायला पाच-सात दिवस लागतात. म्हणजे शेंड्याचा दाणा बुडाच्या दाण्यापेक्षा तितक्या दिवसांनी मोठा असतो. शेंड्याचा दाणा सोलून नखाने दाबा, नख उमटत नाही. मधला दाबा, तो मेणासारखा दबतो. अगदी बुडाचा, अजून हिरवट असलेला दाणा दाबलात तर पांढरा चीक नखावर येतो. एकाच लोंबीवर तीन वयाचे दाणे असतात. त्यात फुटवे मागेपुढे निसवतात, म्हणजे लोंब्या बाहेर टाकतात, त्यामुळे एका चुडातल्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडीतल्या) लोंब्यांतही आठ-दहा दिवसांचं अंतर पडतं.

दाण्याचं सुकं वजन वाढायचं थांबलं की दाणा भरून झाला असं समजायचं. त्या वेळी तो वाळलेला मुळीच नसतो. गव्हात या टप्प्याला दाण्यात ३५ ते ४० टक्के पाणी असतं, भातात साधारण ३० टक्के. म्हणजे पिकणं आधी होतं आणि वाळणं मागून येतं. फुलोऱ्यानंतर साधारण २८ ते ३५ दिवसांनी, लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पेंढ्याच्या रंगाचे झाले की बियाण्यासाठी कापणी करावी. हळव्या जातीत हे दिवस थोडे लवकर भरतात, गरव्यात उशिरा. कापणीआधी आठ-दहा दिवस मळ्यातलं पाणी काढून टाकलंत तर दाणे एकसारखे पिकतात.

सगळे दाणे पिवळे होईपर्यंत थांबू का, असं पुष्कळ जण विचारतात. थांबू नका. तोवर शेंड्याचे चांगले दाणे झडतात, आणि रात्रीच्या दवाने भिजून दिवसा उन्हात तापून त्यांना आतून तडे जातात.

कोकणात गहू होत नाही. मग तुम्ही उठसूट गव्हाच्या प्रयोगांचे दाखले का देता?

कारण कोवळा दाणा, वाळणं आणि रुजणं यांचा संबंध गव्हावर फार बारकाईने तपासला गेला आहे. युरोप, ऑस्ट्रेलिया, जपान इथे गव्हाच्या कापणीला पाऊस आला की कणसातच मोड येतात आणि मोठं नुकसान होतं. त्यामुळे तिथल्या लोकांनी हा विषय सोडला नाही. गहू आणि भात दोन्ही गवताच्याच कुळातले. दोघांच्या दाण्याची रचनाही सारखी आहे: एका टोकाला इवलासा गर्भ, बाकी सगळा पिठाचा साठा आणि साठ्याभोवती जिवंत पेशींचा पातळ थर. भाताला वरून तूस असतं, एवढा फरक मात्र लक्षात ठेवायला हवा.

त्या प्रयोगांतली मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट सांगतो. गव्हाच्या ओंबीतून अर्धवट भरलेले, हिरवे दाणे काढले आणि तसेच ओल्या कागदावर ठेवले, तर ते रुजत नाहीत किंवा फारच थोडे रुजतात. पाणी आहे, हवा आहे, ऊब आहे, तरी दाणा गप्प. आता त्याच ओंबीतले, त्याच वयाचे दाणे आधी हळूहळू वाळवले आणि मग ओल्या कागदावर ठेवले, तर त्यातले पुष्कळ दाणे रुजतात. वय वाढलेलं नाही, दाणा जास्त भरलेला नाही. मध्ये फक्त वाळणं घडलं.

मग कोवळ्या दाण्यातला गर्भ अपुरा असतो का? तसंही नाही. कोवळ्या दाण्यातून गर्भ अलगद काढून साखर आणि क्षार असलेल्या माध्यमावर ठेवला, तर तो वाढायला लागतो. भातातही फुलोऱ्यानंतर साधारण दहा दिवसांत गर्भाला कोंब, मूळ वगैरे सगळे अवयव आलेले असतात. म्हणजे रुजायची ताकद गर्भात केव्हाच असते. त्याला थोपवून धरलेलं असतं ते भोवतालच्या ओल्या दाण्याने आणि आईच्या झाडाने.

वाळताना दाण्याच्या आत नेमकं काय होतं?

दाणा भरत असताना त्यात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. त्याचा निरोप असा: साठा कर, रुजू नकोस. दाणा वाळायला लागला की हे आम्ल कमी होतं, आणि महत्त्वाचं म्हणजे गर्भ त्याला पहिल्यासारखा जुमानत नाही.

उलट्या बाजूचं संप्रेरक जिबरेलिन. याची कथा भाताशी जोडलेली आहे. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली भाताच्या एका रोगाचा अभ्यास करताना दाखवलं, की रोपं काटकुळी होऊन उंच वाढतात ती एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे. त्या बुरशीच्या नावावरून पुढे जिबरेलिन हे नाव पडलं. रुजताना गर्भ हेच संप्रेरक सोडतो. ते साठ्याभोवतीच्या पेशींच्या थराला जाऊन मिळतं, तो थर अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार करतो आणि पिठाची साखर होते. त्या साखरेवर कोंब वाढतो.

आता वाळण्याचं काम बघा. गव्हाच्या कोवळ्या, न वाळलेल्या दाण्याला बाहेरून जिबरेलिन दिलं तरी तो थर जवळजवळ हलत नाही. तोच दाणा एकदा वाळवून पुन्हा भिजवला, की तो थर जिबरेलिनचं ऐकतो. वाळण्याआधी सगळी यंत्रणा भरण्याच्या कामाला लागलेली असते, वाळल्यावर ती रुजण्याच्या कामाला वळते.

वाळणं सोसायची तयारीही दाणा आधीपासून करतो. शेवटच्या टप्प्यात पेशींत खास संरक्षक प्रथिनं आणि काही शर्करा साठतात. पाणी गेलं की त्या शर्करांची काचेसारखी घट्ट स्थिती होते आणि पेशींचे पडदे फाटत नाहीत. ही तयारी व्हायला वेळ लागतो. म्हणूनच कोवळा दाणा झटकन वाळवला तर मरतो, आणि तोच ओंबीवर सावकाश वाळू दिला तर बऱ्याचदा वाचतो.

म्हणजे पंधरा दिवस आधी कापून वाळवलं तरी बियाणं होईल?

रुजेल, पण त्याला बियाणं म्हणायला माझं मन धजत नाही. रुजणं वेगळं आणि जोमाने रुजणं वेगळं. कोवळ्या दाण्यात साठा कमी असतो, त्यामुळे तरव्यात, म्हणजे रोपवाटिकेत, रोप बारीक निघतं आणि मोठ्या पावसाच्या एका सरीने आडवं होतं. टिकण्याची ताकद तर त्याहून उशिरा येते. दाणा भरून झाल्यावरही आणखी काही दिवस झाडावर राहिला, तर त्याचं साठवणीतलं आयुष्य वाढत जातं. आपल्याला ऑक्टोबरचं बी जूनपर्यंत, म्हणजे सात-आठ महिने न्यायचं असतं. डिसेंबरात ९० टक्के रुजणारं कोवळं बी मे अखेर कुठे येऊन थांबेल, याचा भरवसा नसतो.

यात एक दिलाशाची गोष्ट आहे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या बीजसंग्रहातल्या अभ्यासात दिसलं, की जास्त ओलाव्यावर कापलेलं भात सुरुवातीला थंड खोलीत वाळवण्याऐवजी सुमारे ४५ अंशांच्या नियंत्रित गरम हवेत वाळवलं, तर त्याचं साठवणीतलं आयुष्य वाढतं. म्हणजे कापल्यावरही ओला दाणा काही काळ पिकत राहतो. हे यंत्रातल्या वाहत्या हवेचं काम आहे. खळ्यावरच्या थराला तो आकडा लावू नका, तिथे हवा अशी फिरत नाही.

म्हणून पाऊस मानगुटीवर बसला असेल आणि दाणे ७० टक्केच पिवळे असतील, तर कापा. लोळून पाण्यात भिजण्यापेक्षा ते बरं. पण त्यातलं बियाणं काढायचं असेल तर फक्त लोंब्यांच्या वरच्या अर्ध्या भागातलं काढा.

परतीच्या पावसात लोंबीवरच मोड का येतात? शेजारच्या मळ्यात तर आले नाहीत.

दाणा एकदा झाडावर वाळला, की त्याच्यावरचा भरण्याचा हुकूम उठलेला असतो. त्यात लोंबी लोळली आणि तीन-चार दिवस पाण्यात राहिली, तर त्याच्या दृष्टीने पेरणीच झाली. त्याला थांबवणारी गोष्ट एकच उरते: सुप्तावस्था, म्हणजे पाणी मिळूनही काही आठवडे न रुजण्याचा जन्मजात स्वभाव.

हा स्वभाव वाणागणिक बदलतो. लाल सालीच्या गव्हात सुप्तावस्था पांढऱ्या सालीच्या गव्हापेक्षा साधारणपणे जास्त असते. भातातही दाण्याच्या सालीला लाल रंग देणाऱ्या जनुकाचा सुप्तावस्थेशी संबंध सापडला आहे. मुणगा, वालय, सोरटी असे जुने वाण जपणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की चव आणि पेज यांच्याबरोबर आपल्या वाणाचा हा स्वभावही दरवर्षी बघून लिहून ठेवा. शेजाऱ्याचा वाण वेगळा असेल, किंवा त्याच्या दाण्यांना तेव्हा झाडावर वाळायला तुमच्याइतके दिवस मिळाले नसतील. दोन्ही शक्य आहे.

मोड आलेल्या गव्हाच्या पिठाची पोळी चिकट होते, कारण अमायलेजने पिठाची साखर करायला सुरुवात केलेली असते. मोड आलेल्या भाताचा तांदूळ भरडताना तुटतो आणि कणी जास्त निघते.

"वायंगणाक नवा भात रुजत घातलंय, पण रुजणाच नाय. बियाणा मेला काय?"

नाही हो, झोपलंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलेलं बी लगेच डिसेंबरच्या वायंगणी (पावसाळ्यानंतर पाणी देऊन घेतलेल्या) भाताला वापरलं की हे हमखास होतं. पावसाळी पेरणीला ही अडचण येत नाही, कारण मधले महिने सुप्तावस्था आपोआप उतरवतात. कोरड्या, उबदार जागेत ती लवकर उतरते. थंड किंवा दमट जागेत रेंगाळते.

मेलंय की झोपलंय हे घरी ओळखता येतं. वीस दाणे हातानेच अलगद सोला, गर्भाच्या टोकाला धक्का लागू देऊ नका. ते ओल्या फडक्यात ठेवा. सोललेले रुजले आणि तुसासकटचे रुजले नाहीत, तर तूस आणि साल अडवून बसली आहेत, बी जिवंत आहे. दोन्ही सडले तर आशा सोडा.

प्रयोगशाळेत सुप्तावस्था मोडायला सुकं बी ५० अंशांत चार-पाच दिवस ठेवतात. घरी भट्टी किंवा ओव्हनचा नाद करू नका. चांगल्या वाळलेल्या बियाण्याला आणखी चार-पाच दिवस ऊन द्या आणि दोन आठवडे थांबून पुन्हा चाचणी घ्या. वायंगण करणाऱ्यांनी गेल्या वर्षीचं, सुकं राखलेलं बी हाताशी ठेवावं, हे सगळ्यात सोपं.

रहूसाठी (मोड आलेलं बी थेट चिखलात फेकून पेरण्यासाठी) मोड आणले आणि पेरणी राहिली. ते वाळवून पुन्हा ठेवता येतील?

मुळाचं टोक बाहेर दिसत असेल तर नाही. वाळणं सोसायची ताकद दाण्यात असते ती मूळ फुटेपर्यंतच. एकदा मूळ आलं की तो दाणा राहत नाही, रोप होतो, आणि रोप वाळवलं की मरतं. बी नुसतं भिजून फुगलं असेल, टोक फुटलं नसेल, तर सावलीत वाळवून आठवड्याभरात पेरून टाका. ते पुढच्या वर्षापर्यंत टिकणार नाही.

बियाणं उन्हात वाळवावं की सावलीत? सिमेंटच्या खळ्यावर चालेल?

उन्हात, पण राखून. या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण आपल्याकडचं बियाणं बहुतेक इथेच बिघडतं.

कापणीच्या वेळी दाण्यात २० ते २४ टक्के पाणी असतं. झोडणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा. ओल्या पेंढ्या रचून उडवी घातलीत तर मधोमध हात घालून बघा, गरम लागतं. ती ऊब म्हणजे दाणे श्वास घेऊन स्वतःचाच साठा जाळत आहेत. पेंढा सुका असेल आणि वारा खेळत असेल, तर उडवीत दाणा सावकाश आणि छान वाळतो. ऑक्टोबरात असे दिवस ओळीने मिळतीलच असं नाही.

पहिले दोन दिवस ऊन कोवळं असताना, सकाळी नऊ ते साडेअकरा आणि दुपारी तीननंतर, पसरा. थर दोन ते चार सेंटीमीटर, म्हणजे बोटाचं एक-दीड पेर बुडेल इतका. दर अर्ध्या तासाने पायाने किंवा दाताळ्याने फिरवा. दाणा जितका ओला, तितकी उष्णता त्याला कमी सोसते. बियाण्याच्या दाण्याचं तापमान ४० अंशांच्या फार वर जाऊ देऊ नये. आपल्याकडे थर्मामीटर नसतो, पण पाय असतात. अनवाणी पायाने ज्या जागेवर उभं राहवत नाही, तिथे बियाणं नको. दुपारी सिमेंटचं खळं आणि उघडा कातळ दोन्ही असेच तापतात. शेणाने सारवलेलं खळं, त्यावर गोणपाट किंवा बांबूची तट्टी, हे मला सगळ्यात आवडतं. काळं प्लास्टिक अजिबात नको. ते तापतं आणि खालून घामही धरतं.

संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करा. पण गोळा केलेलं भात पडवीत पसरून गार होऊ द्या, मगच भरा. हे मी स्वतः चुकून शिकलो. एका वर्षी पाऊस येईल या भीतीने चौथ्या दिवशीचं ऊन संपताच, हाताला गरम लागत असलेलं भात मी थेट प्लास्टिकच्या पिंपात भरलं आणि झाकण घट्ट लावलं. मे महिन्यात झाकण उघडलं तेव्हा आंबूस वास आला. आतल्या बाजूला झाकणाखालचे दाणे एकमेकांना चिकटून त्यांची ढेपळं झाली होती. शंभर दाणे रुजत घातले, त्यातले अडतीस रुजले. सहा घरांचं बियाणं होतं ते. त्या वर्षी मला दुसऱ्या गावातून बी आणून सगळ्यांना द्यावं लागलं.

वाळवताना वजन किती घटतं तेही धरून ठेवा. २२ टक्के ओलाव्याचं १०० किलो भात १२ टक्क्यांवर आणलं की ८८ किलो ६०० ग्रॅम उरतं. म्हणजे सव्वाअकरा किलोहून अधिक पाणी हवेत गेलं. बियाणं वाळवायला चार-पाच चांगली उन्हं का लागतात, ते यावरून कळेल.

पुरेसं वाळलं हे कसं ओळखू?

जुनी माणसं दाताखाली दाणा धरतात. कट् असा आवाज होऊन तुटला तर सुका, दबून तुटला तर ओला. सवय झालेल्या दाताला हे बरोबर कळतं.

दुसरी रीत मिठाची. आपल्याकडे मीठच ओलं असतं, म्हणून आधी तव्यावर भाजून पूर्ण गार करून घ्या. काचेची कोरडी बरणी घ्या, तिसरा हिस्सा भात भरा, वर दोन-तीन चमचे मीठ टाकून झाकण लावा. दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. काचेला मिठाचे कण चिकटून राहिले तर ओलावा १५ टक्क्यांपेक्षा जास्त आहे. मीठ सुटं राहिलं तर त्याच्या खाली. पण १५ हा आपला मुक्काम नाही. त्यानंतर आणखी दोन उन्हं द्या.

प्रमाणित बियाण्यासाठी भातात ओलावा जास्तीत जास्त १३ टक्के आणि उगवण कमीत कमी ८० टक्के असावी लागते. गव्हात हेच आकडे १२ आणि ८५ आहेत. हवा न शिरणाऱ्या पाकिटात भरायचं असेल, तर दोन्हींत ओलावा ८ टक्क्यांवर आणावा लागतो. हा ८ चा आकडा बघूनच मला माझ्या पिंपाची चूक समजली. बंद डब्यात पाण्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तिथे दाणा आणखी सुका हवा.

कणगी, मुडी की प्लास्टिकचं पिंप?

दाणा भोवतीच्या हवेशी जमवून घेतो. हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर भात साधारण १३ टक्क्यांवर थांबतं, आणि ९० टक्के आर्द्रतेत १७-१८ पर्यंत चढतं. आपला पावसाळा म्हणजे हे दुसरं चित्र. जानेवारीत कितीही छान वाळवलंत तरी उघड्या कणगीतलं (बांबूच्या कोठीतलं) बी जूनच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ओलं होतं. बियाण्यांचे अभ्यासक हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम बीजशास्त्रात सर्रास वापरतात: ओलावा एका टक्क्याने कमी केला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं. १४ वरून १२ वर आणलंत तर चौपट.

आपल्या आजी-आजोबांची मुडी या हिशेबात फार शहाणी आहे. पेंढ्याचा जाड थर, घट्ट वळलेली दोरी, आणि चुलीवरच्या माळ्यावर टांगलेली जागा. चुलीची ऊब तिथली हवा कोरडी ठेवते आणि धुराने किडे लांब राहतात. चूल गेली आणि मुडी तशीच गॅसच्या स्वयंपाकघरात टांगली, तर तिचा अर्धा गुण गेला.

आता मी असं करतो. दिवाळीनंतर वाळवलेलं बी सुक्या गोणीत, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवतो. मार्च-एप्रिलच्या कडक, कोरड्या दिवसांत सकाळची दोन उन्हं देतो, गार करतो आणि मग हवाबंद जाड पिशवीत घालून पिंपात ठेवतो. एकदा बंद केलेली पिशवी पेरणीपर्यंत उघडत नाही. पिंपात थोडी रिकामी जागा राहिली तर तिथे सुक्या निरगुडीच्या पानांची पुरचुंडी ठेवतो. किड्यांसाठी तिचा उपयोग होतो, ओलाव्यासाठी नाही.

मग आंबा, फणस, कोकम यांच्या बिया वाळवल्या की का मरतात?

त्यांचा धर्म वेगळा. भात, गहू, नाचणी, कुळीथ, वाल यांचे दाणे वाळणं सोसणारे. आंब्याची कोय, फणसाची आठळी, कोकम आणि जायफळाची बी वाळणं सोसत नाहीत. ती ओलीच झाडावरून पडतात आणि ओलीच रुजायला निघतात. कोकमाचं बी धुऊन दोन-तीन दिवसांत लावावं, असं जाणते बागायतदार सांगतात ते म्हणूनच.

याचं टोक बघायचं तर खाडीवर जा. आमच्या जैतापूरच्या खाडीला ओहोटीच्या वेळी कांदळाच्या फांद्यांखाली हिरव्या, शेवग्यासारख्या लांब शेंगा लोंबताना दिसतात. त्या शेंगा नाहीत. बी झाडावरच रुजून त्याचं खोड वीतभर आणि पुढे त्याहून लांब वाढलेलं असतं. खालचं टोक टोकदार असतं, आणि हाताने धरलं तर पेन्सिलीसारखं गुळगुळीत लागतं. कांदळाच्या बीच्या आयुष्यात वाळण्याचा टप्पाच नाही, म्हणून थांबणंही नाही. चिखलात पडायचं आणि तिथेच उभं राहायचं, हे त्याला परवडतं कारण चिखल कधी सुकत नाही. भाताला मात्र ऑक्टोबरपासून जूनपर्यंत कोरडा काळ काढायचा असतो. वाळणं आणि थांबणं ही त्या काळासाठी असलेली शिदोरी.

संकरित भाताचं बी राखता येईल?

रुजेल, पण पुढच्या पिकात झाडं एकसारखी येणार नाहीत आणि उत्पन्न घटेल. 'सह्याद्री' मालिकेतले संकरित वाण दरवर्षी नवे घ्या. कर्जत, रत्नागिरी, पनवेल या नावांनी आलेले सुधारित सरळ वाण तीन-चार वर्षं राखता येतात.

मिठाच्या पाण्यात बी टाकायचं ते कशाला?

पोचट आणि अर्धे भरलेले दाणे वेगळे करायला. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. बी ओता, ढवळा, वर तरंगेल ते काढून टाका. तळाला राहिलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. लोंबीच्या बुडाचे चिकातले दाणे आठवतात? वाळल्यावर ते हलके होतात आणि इथे तरंगतात. हे काम पेरणीच्या तोंडावर करा, साठवणीआधी नाही.

उगवण चाचणी कधी आणि कशी घ्यावी?

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं. त्याच्या पंधरा दिवस आधी चाचणी घ्या, म्हणजे बी कमी पडलं तर दुसरं शोधायला वेळ मिळतो. पिंपातली मोठी पिशवी उघडायची नसेल तर भरतानाच एक लहान पिशवी त्याच बियाण्याची भरून त्याच पिंपात वरती ठेवा, आणि चाचणीला तीच काढून झाकण लगेच लावा.

गोणीच्या वरून, मधून आणि खालून मूठ-मूठ बी घेऊन मिसळा. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजा. न निवडता हे फार महत्त्वाचं, कारण आपला हात नकळत टपोरे दाणे उचलतो. ओलं करून पिळलेलं गोणपाट पसरा, दहा ओळींत दहा-दहा दाणे ठेवा, वर दुसरं ओलं फडकं घालून सैल गुंडाळी करा. घरातल्या उबेच्या कोपऱ्यात ठेवा आणि रोज पाण्याचा हबका मारा. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, चौदाव्या दिवशी शेवटची. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजायचे, नुसतं टोक फुटलेले नाहीत. दोन मोजण्यांत फार अंतर असेल, म्हणजे पाचव्या दिवशी ४० आणि चौदाव्या दिवशी ८२, तर बी जिवंत आहे पण थकलंय. ते दाट पेरा आणि साठवायचा विचार करू नका.

शंभरात ८० किंवा जास्त आले तर नेहमीच्या मापाने पेरा. ६० आले तर २० किलोच्या जागी सुमारे २७ किलो लागेल. त्याच्याही खाली आलं तर ते बी भरडायला द्या, त्यावर औषध चोळलेलं नसेल तरच, आणि त्याच आठवड्यात शेजारी विचारणा सुरू करा.